छपरीत विचारलेला प्रश्न

"दुखत नव्हतं वो बाई, म्हणून नाई सांगतलं."

लाखनी तालुक्यातल्या एका गावात, रोवणीच्या दिवसांत, एका बाईनं मला हे सांगितलं, त्याला आता वीस वर्षं होत आली. बांधीत पऱ्ह्यांच्या जुड्या फेकताना हात वर केला की काखेत ओढ बसायची, म्हणून ती उपकेंद्रात आली होती. मी तिला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि पदर बाजूला करायला सांगितलं. उजव्या स्तनात लिंबाएवढी गाठ होती, वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालेली. ती गाठ तिच्या हाताला लागून वर्ष उलटलं होतं. मधे एकदा तिनं एका दवाखान्यात सांगून पाहिलं, पण तिथं हात न लावताच मलम लिहून दिलं होतं.

नागपूरला तिचं ऑपरेशन झालं, पूर्ण स्तन काढावा लागला. पुढं ती चार वर्षं जगली.

मी एकतीस वर्षं आरोग्यसेविका होते. तिच्यानंतर स्तनाच्या कॅन्सरबद्दल मिळेल ते मी वाचत आले. आपल्या गावातल्या बायकांना जे कुणी सांगितलं नाही, ते इथं लिहिते आहे.

हा आजार बहुतेक वेळा दुधाच्या नळ्यांच्या आतल्या पेशींत सुरू होतो. त्या पेशी वाढायचं थांबत नाहीत आणि गाठ धरते. सुरुवातीला ती दुखत नाही, आणि घात होतो तो इथंच. आपल्याकडे दुखणं म्हणजे आजार. जे दुखत नाही ते धान चुरून झाल्यावर, दिवाळी झाल्यावर, पोरीचं लग्न झाल्यावर बघायचं. स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हेही खरंच. पण कोणती आहे आणि कोणती नाही, हे घरी बसून कळत नाही.

अमेरिकेत विल्यम हाल्स्टेड नावाच्या सर्जननं १८९४ मध्ये आपल्या ऑपरेशनची पद्धत छापली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं एकत्र काढायचं. बांधीतलं पाणी एका धुऱ्यावरून पुढच्या बांधीत उतरावं तसा कॅन्सर पायरीपायरीनं पसरतो, अशी त्यांची समजूत होती. म्हणून जितकं लांबवर काढाल तितकं बरं. सत्तर-ऐंशी वर्षं जगभर बायकांच्या छात्या अशा खरवडल्या गेल्या. मग पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी हजारो बायकांच्या चाचण्या घेऊन दाखवलं की कॅन्सरच्या पेशी रक्तातून आधीच दूर गेलेल्या असू शकतात, जास्त कापल्यानं आयुष्य वाढत नाही. लहान गाठ असेल तर तेवढीच काढून वर शेक दिला, तरी बाई तितकीच जगते, हे १९८५ मध्ये पक्कं झालं. शेक म्हणजे रेडिएशन, आपल्याकडचे पेशंट शेकच म्हणतात. ज्या बायका त्या चाचण्यांत सामील झाल्या, त्यांचे आपल्यावर उपकार आहेत असं मी मानते. पण गाठ लहान असेल तर, ही अट विसरू नका. आमच्या त्या बाईला ही सोय मिळालीच नाही.

तिची मुलगी तेव्हा अठरा वर्षांची होती. नागपूरहून परतताना एसटीत तिनं मला हळूच विचारलं, "मलेही होईल का?" मला नीट उत्तर देता आलं नाही. पुढं डॉ. कमल रणदिव्यांबद्दल वाचलं तेव्हा कळलं की त्या पोरीचा प्रश्न एका मराठी बाईनं फार आधी हातात घेतला होता.

कमलताई १९१७ मध्ये पुण्यात जन्मल्या. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. लेकीनं डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा, पण कमलताई संशोधनाकडे वळल्या. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ मध्ये उघडलं. तिथल्या डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएचडी केली. मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे, शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी वाढवण्याचं तंत्र शिकल्या आणि परत मुंबईला आल्या. देशातली तशी पहिली प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. उंदरांच्या पिढ्यान् पिढ्या तपासून त्यांनी स्तनाच्या कॅन्सरमधलं आनुवंशिकतेचं, संप्रेरकांचं आणि विषाणूचं नातं शोधलं. १९९० मध्ये अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांनी बायकांमध्ये असा दोष कोणत्या गुणसूत्रावर आहे ते दाखवलं. आज त्या मुलीला मी सांगू शकले असते: शंभरातल्या पाच ते दहा जणींचाच कॅन्सर असा रक्तातून आलेला असतो. तू घाबरू नकोस, पण तपासत राहा.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते काम मात्र मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झालं. टाटा हॉस्पिटलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ते सुरू केलं. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायका. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी हातानं स्तनतपासणी. यंत्र नाही, मॅमोग्राफी नाही, आणि तपासणारा डॉक्टरही नाही. दहावीपर्यंत शिकलेल्या, शिकवून तयार केलेल्या बायका. आमच्यासारख्या!

वीस वर्षं या सगळ्या जणींवर लक्ष ठेवून २०२१ मध्ये निकाल छापला. जिथं तपासणी झाली नव्हती तिथं शंभर रोगी बायकांमधल्या ४७ पुढच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सापडल्या. जिथं झाली होती तिथं ३७. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यू घटल्याचं दिसलं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. तो निकाल वाचला त्या संध्याकाळी मी कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसले होते.

टाटाच्याच डॉ. राजेंद्र बडवे यांचं २०२३ मधलं काम वाचून तर मी चकित झाले. टाके घालायच्या आधी जागा बधिर करायला आम्ही लिग्नोकेन वापरायचो. ऑपरेशनच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती तेच इंजेक्शन दिलं. देशातल्या अकरा हॉस्पिटलांत १६०० बायका. पाच वर्षांनी इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ९० टक्के हयात होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६. खर्च शंभर रुपयांच्या आत. चार टक्के कमी वाटत असतील, तर त्या प्रत्येक शंभरातल्या चार घरांत जाऊन विचारा.

आता माझं दुखणं सांगते. आज आशाताई घरोघरी सीबॅक फॉर्म भरतात. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाला विचारायचे प्रश्न त्यात आहेत, आणि बायकांसाठीचे वेगळे: स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, आकार बदलला का. प्रश्न अगदी बरोबर आहेत. पण ते विचारले जातात छपरीत. खाटेवर सासरा बसलेला असतो, दीर मोटारसायकल पुसत असतो, पोरं भोवती. बाई मान खाली घालून "नाई" म्हणते. आशाताई "नाही" वर खूण करते आणि पुढच्या घरी जाते. तिलाही चाळीस घरं करायची असतात. मी तिला दोष देत नाही. मीही सुरुवातीच्या वर्षांत असेच फॉर्म भरले आहेत.

आज नागपूरला तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, नवी मोठी संस्थाही उभी राहिली. भंडाऱ्याहून साठ किलोमीटर, सकाळी निघालं तर संध्याकाळी घरी. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन आणि केमोचा खर्च बसतो. मुंबईतल्या दहावी शिकलेल्या बायकांनी जे करून दाखवलं, ते मोहाडी-पवनीच्या आशाताईला न जमण्यासारखं त्यात काय आहे? तिला नीट शिकवायला हवं, आणि तिच्या हाताला खोली मिळायला हवी.

म्हणून घरातल्या पुरुषांना माझं सांगणं आहे. आशाताई किंवा सिस्टर फॉर्म घेऊन आली की तुम्ही उठून बाहेर जा. आणि बायांनो, तिला आत न्या, दार लावा, पाच मिनिटं द्या. गाठ दुखत नसली तरी सांगा.