खुर्ची न्यायमूर्तींची, बंदूक कलेक्टरची

उच्च न्यायालयातले एखादे न्यायमूर्ती बासष्टीला टेकले की त्यांच्या जागी कोण, याची कुजबुज पूर्वी मुंबईतच चालायची. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसू लागलं आणि ही कुजबुज सातारा-सांगलीच्या बार रूममध्येही पोचली. त्यात डिसेंबर 2025 मध्ये नगरपरिषदांची, जानेवारी 2026 मध्ये सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची निवडणूक झाली. निवडणूक आली की परवानाधारकांना पोलीस ठाण्याची नोटीस येते, बंदूक जमा करा. मग कट्ट्यावर प्रश्न निघतो, ‘नवीन जज्ज आले तर आपल्या बंदुकीचं काही बदलेल का?’

हा प्रश्न अमेरिकेतल्या बातम्यांनी डोक्यात घातला आहे. सप्टेंबर 2020 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग गेल्या, पाच-सहा आठवड्यांत एमी कोनी बॅरेट त्या खुर्चीत बसल्या. जून 2022 मध्ये त्याच न्यायालयानं सहा विरुद्ध तीन अशा मतांनी न्यूयॉर्कचा शंभरेक वर्षं जुना निर्बंध रद्द केला. तिथे शस्त्राचा हक्क राज्यघटनेत आहे, त्यामुळे एका खुर्चीचं मोल बंदुकीच्या दुकानापर्यंत जाणवतं.

आपल्या घटनेत तो हक्क नाही, आणि तो अनवधानानं राहून गेलेला नाही. 1931 च्या कराची ठरावात काँग्रेसनं नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. लिटनच्या काळातल्या 1878 च्या शस्त्र कायद्यानं देश निःशस्त्र केल्याची ती चीड होती. ज्या सातारा-सांगलीच्या मुलखात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं आणि त्याच्या तुफान सेनेसाठी हत्यारं मिळवणं हेच एक मोठं काम होऊन बसलं होतं, तिथे ती चीड वेगळी समजावून सांगायला नको. डिसेंबर 1948 मध्ये हरि विष्णू कामथांनी संविधान सभेत हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. परकी राज्य गेल्यावर आग्रह धरायचा तो शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा, हक्काचा नव्हे, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. घटनेत राहिला तो शांततेनं आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. सातारा जिल्ह्यातलं अपशिंग्यासारखं गाव, जिथल्या घराघरातून लष्करात माणूस गेला, त्याला आंबेडकरांचं म्हणणं कामथांच्या म्हणण्यापेक्षा जवळचं वाटावं असं मला नेहमी वाटतं.

तरीही एका न्यायमूर्तींनी हे सगळं उलटवून पाहिलं होतं. 1993 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात न्या. मार्कंडेय काटजू यांच्यासमोर अल्मोड्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांविरुद्धचं प्रकरण आलं. काटजूंना पुढे सर्वोच्च न्यायालयानं पाहिलं, प्रेस कौन्सिलनं पाहिलं. थोडक्यात आवरणारा हा माणूस नव्हे. प्रतिबंधित नसलेलं शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेच्या 21 व्या कलमातच, म्हणजे जगण्याच्या हक्कातच येतो, असं त्यांनी लिहिलं. वर, परवान्याच्या अर्जावर तीन महिन्यांत निर्णय झाला नाही तर परवाना मिळाल्याचं धरावं, असंही. गुंडाकडे गावठी कट्टा आणि सरळ माणसानं मात्र कचेरीत खेटे घालायचे, या रागाला त्या निकालात कायद्याची भाषा मिळाली. वाचताना मोह पडतो, हे कबूल केलं पाहिजे. पण प्रत्येक पडून राहिलेल्या अर्जातून आपोआप एक बंदूक बाहेर पडली असती तर काय झालं असतं? 1995 मध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठानं तो निकाल चुकीचा ठरवला. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. के. एम. जोसेफ आणि न्या. नागरत्ना यांनीही स्पष्ट केलं की अमेरिकेसारखा शस्त्राचा मूलभूत हक्क इथे नाही. कायदा परवानगी देईल तेवढंच.

म्हणजे एक न्यायमूर्ती फार तर दोन वर्षं हवा बदलू शकतात. पुढे मोठं पीठ बसलेलंच असतं.

मग बंदुकीचा खरा न्यायाधीश कोण? कलेक्टर. अर्ज त्यांच्याकडे, अहवाल पोलिसांचा. 1959 च्या शस्त्र कायद्याचं 14 वं कलम नकार कधी द्यायचा ते सांगतं, 17 वं परवाना कधी रद्द करायचा ते. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून परवाना नाकारता येत नाही, हेही त्याच 14 व्या कलमात आहे. कमरेचं रिव्हॉल्व्हर मिरवणाऱ्यांना ते माहीत नसावं. नकार आला की पुण्याला विभागीय आयुक्तांकडे अपील, तिथेही हरलं की उच्च न्यायालयात रिट याचिका. रिटमध्ये न्यायमूर्ती बंदूक द्यायची की नाही हे ठरवत नाहीत, कलेक्टरांनी कारण दिलं का, ते कारण कायद्यातलं आहे का, एवढं पाहतात. नुसता एक गुन्हा दाखल आहे म्हणून परवाना रद्द, हे उच्च न्यायालयांनी अनेकदा खोडून काढलं आहे.

सातारा-सांगलीकरांना ते रिट आता मुंबईला न्यावं लागत नाही. पण बेंच लहान. मोजके न्यायमूर्ती आणि सहा जिल्हे, म्हणून एक जण निवृत्त झाला किंवा बदलून गेला तरी बोर्डावर लगेच दिसतं. मुंबई उच्च न्यायालयाची मंजूर संख्या 94. पद रिकामं होण्याच्या सहा महिने आधी मुख्य न्यायमूर्तींनी नावं पाठवावीत असा रिवाज आहे. मग ती राज्य सरकार, केंद्र, दिल्लीचं (सर्वोच्च न्यायालयाच्या ज्येष्ठ न्यायमूर्तींचं) कॉलेजियम, पुन्हा केंद्र अशी फिरतात. या फेऱ्यात खुर्ची रिकामी राहिली तर नुकसान कुणाचं? जामीन, जमीन, सेवेची प्रकरणं पुढे जातात आणि परवान्याचं रिट मागे पडतं. बँकेच्या दारात बारा बोअर घेऊन उभा राहणारा निवृत्त जवान परवान्यावरच पोट भरतो. त्याच्या नूतनीकरणाला आडकाठी आली तर ‘तारीख’ म्हणजे बुडालेला पगार. नवे न्यायमूर्ती उदार की कडक, हा त्याचा प्रश्नच नाही. ते कधी येणार, एवढाच आहे.

पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरकडेला गोष्ट आणखी वेगळी. तिथली ठासणीची बंदूक पीकसंरक्षणाची, गव्याला मारण्यासाठी नव्हे (ते वन्यजीव कायद्यात बसतच नाही), आवाजानं हुसकण्यासाठी. शाळू-हरभरा उभा असताना ती पोलीस ठाण्यात जमा झाली तर रात्री राखणीला डबे बडवायचे.

इथे मात्र मुंबई उच्च न्यायालयानं खरोखर फरक केला आहे. 2009 च्या सुमारास गोव्यातल्या एका परवानाधारकाच्या याचिकेवर न्यायालयानं सांगितलं की निवडणूक आली म्हणून सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करून घेता येणार नाहीत. छाननी समितीनं एकेक परवाना पाहावा, ज्याच्याकडून धोका वाटतो त्यालाच सांगावं, आणि निवडणूक उरकली की शस्त्र लवकर परत द्यावं. निवडणूक आयोगाच्या सूचनांतही त्याचा आधार घेतला जातो. तो निकाल देणारं पीठ कधीच बदललं, निकाल कायम आहे. तेव्हा पुढच्या निवडणुकीत नोटीस आली तर वकिलाला आधी एवढंच विचारायला सांगा, समितीनं माझं नाव कोणत्या कारणानं घेतलं? इतिवृत्तात ते कारण लिहिलेलं नसेल, तर कोल्हापूरच्या खुर्चीत कोणीही असो, घाम सरकारी वकिलालाच फुटेल.