वस्तीची गाडी

मरोळला वाढलेल्या पोराला कोकणची पहिली ओळख नाकाने होते. सुक्या मासळीच्या बाजारात गोण्या सुटल्या की जवळ्याचा आणि बोंबलाचा वास शाळेच्या वाटेवर आमच्या सोबत यायचा. ती मासळी वाळते ते गाव कसं दिसतं, हे मात्र आम्हा पाचांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तिघांची गावं घाटावर, माझं वऱ्हाडात आणि एक मरोळ गावठाणातला ईस्ट इंडियन, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथलाच. गणपतीत नि मे महिन्यात चाळ गावी निघून जायची आणि आम्ही मागे उरायचो.

जानेवारी २००० मध्ये आम्ही निघालो. त्यानंतर पंचवीस वर्षं, एखाद्दुसरा अपवाद सोडला तर दर हिवाळ्यात, रेवसपासून रेडीपर्यंतचा किनारा तुकड्यातुकड्याने पायाखाली घातला. सुरुवातीला पैसे नव्हतेच. पुढे नोकऱ्या लागल्या, तरी रीत बदलली नाही. एका वर्षी गाडी भाड्याने घेतली होती. चार दिवसांत ड्रायव्हरखेरीज बाहेरच्या कुणाशी धड बोलणं झालं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा एसटी.

पहिल्या खेपेला माणशी पाचशे रुपये कॉन्ट्री काढली होती. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर सुरू झाली होती, त्यामुळे पॅसेंजरच्या जनरल डब्यातून खेड गाठणं सोपं होतं. पण ही रेल्वे समुद्राकाठाने जात नाही, डोंगराच्या अंगाने जाते. खेडला उतरलं की दापोली तीसेक किलोमीटर, आणि हर्णैचं बंदर तिथून आणखी पुढे. सगळा किनारा असाच. रेल्वे तुम्हाला कोकणात आणते, समुद्रापर्यंत नेते ती एसटीच.

दापोलीच्या स्टँडवर आम्हाला 'वस्तीची गाडी' हा शब्द कळला. तालुक्याहून संध्याकाळी सुटणारी शेवटची एसटी, जी रात्री गावातच थांबते आणि पहाटे गावातून पहिली निघते. आम्ही चढलो तेव्हा ती खच्चून भरली होती. बाजार उरकलेल्या कोळणी, रिकाम्या पाट्या, कॉलेजची मुलं, कुणाच्या तरी पत्र्याच्या शीटा. कंडक्टरने चिमटा टिकटिकवत विचारलं, "काय रे पोरांनो, कुणाकडे?"

"कुणाकडेच नाही मास्तर. समुद्र बघायला आलोय."

तो काहीच बोलला नाही. शेवटच्या थांब्यावर गाडी देवळासमोर वळवून उभी राहिली, इंजिन थांबलं आणि एकदम समुद्राचा आवाज ऐकू आला. मग त्याने आम्हाला शेजारच्या घरी नेलं. तिथल्या काकूंनी ड्रायव्हर-कंडक्टरसाठी पाणी तापवून ठेवलेलं होतं. आणखी पाच पोरं बघून त्यांनी फक्त तांदूळ वाढवला. भात, कुळथाचं पिठलं आणि भाजलेला सुका बांगडा. आमच्या ईस्ट इंडियन मित्राने घरून आणलेला बाटली मसाला काढला आणि काकूंनी बोटावर घेऊन चाखला. त्याची घरची मराठी आम्हाला कधी नीट कळली नव्हती, पण काकू तिच्यात काय काय ओळखीचं आहे ते कान देऊन ऐकत होत्या. रात्री देवळाच्या सभामंडपात ड्रायव्हर-कंडक्टरच्या शेजारी चादरी पसरल्या. पहाटे साडेपाचला ड्रायव्हरने इंजिन चालू करून ठेवलं. गाव जागं होतं ते त्या घरघरीनेच, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी समजलं.

पुढची दहा वर्षं आमचा बेत वस्तीच्या गाड्यांवरच ठरायचा. संध्याकाळची शेवटची एसटी जिथे मुक्काम करते, तिथे आमचा मुक्काम. महामंडळाची १९८८ पासूनची 'आवडेल तेथे प्रवास' ही योजना यासाठीच केलीय असं वाटायचं. एकदा पास काढला की ठरलेल्या दिवसांत राज्यात कुठल्याही गाडीत चढा.

अडायचं ते खाड्यांपाशी. दाभोळच्या धक्क्यावरून समोर धोपावे स्पष्ट दिसतं, पण रस्त्याने जायचं तर चिपळूणचा वळसा. २००३ मध्ये तिथे फेरीबोट सुरू झाली, नंतर वेश्वी-बागमांडला, तवसाळ-जयगड अशा आणखी झाल्या आणि किनारा सलग जोडता येऊ लागला. मोटारींच्या गर्दीत पाठीवर पिशव्या घेऊन आम्ही पायी चढायचो. तिकीट किरकोळ असायचं.

त्याच सुमाराला घरगुती मुक्काम हा व्यवसाय झाला, आणि तो चांगलाच झाला असं माझं ठाम मत आहे. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला घेतली. पिल्लं बघायला लोक येऊ लागले तेव्हा गावाने हॉटेलं उभारली नाहीत, घरं उघडली. सकाळी घरट्यावरची टोपली उचलतात. कधी खाली नुसती वाळू असते, कधी मूठभर काळी पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढत असतात. दोन दिवस टोपली रिकामी निघाली आणि तिसऱ्या दिवशी सात पिल्लं निघाली, तेव्हा आमच्यातला सगळ्यांत अबोल माणूस वाळूत गुडघ्यावर बसून त्यांना पाण्यापर्यंत जाताना बघत राहिला होता.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. पुढच्या जानेवारीत आम्ही श्रीवर्धन-दिवेआगरला गेलो. सुपारीच्या वाडीत दुपारी बारालाही सावलीच असते, हे आमच्या अंगवळणी पडलेलं. तिथे डोक्यावर उघडं आभाळ होतं. सुपारीच्या नव्या रोपाला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. वाडीवाले दादा पडलेल्या खोडांमधल्या जागेत रोपं लावत होते. त्यांनी चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत. त्या खेपेला वाद घालून पैसे ठेवून यावे लागले.

यंदा निघताना मरोळ नाक्यावरून मेट्रोने घाटकोपर, लोकलने दिवा आणि तिथून सावंतवाडी पॅसेंजर. पूर्वी अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच निम्मा धीर संपायचा. आता बायकाही सोबत असतात. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे हिशोबाच्या वहीत त्यांची बाजू निम्मी भरते.

या वेळी मुद्दाम त्या पहिल्या गावी गेलो. दापोलीच्या स्टँडवर चौकशी केली तर त्या गावची वस्तीची गाडी आता नाही. आधी टाळेबंदी, मग २०२१-२२ चा एसटी कर्मचाऱ्यांचा लांबलेला संप. तोवर गावात दुचाक्या आणि रिक्षा वाढल्या होत्या. गाडी फाट्यापर्यंत जाते. फाट्यापासून पाच किलोमीटर अंधारात चाललो.

काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना आम्ही आठवलो नाही, बाटली मसाला आठवला. "रात्री गाडीचा उजेड या भिंतीवरून फिरायचा," म्हणाल्या. "मग मी भात टाकायचे."

पहाटे परत निघालो तेव्हा बारावीतल्या दोन मुली फाट्याकडे चालल्या होत्या. एकीच्या हातात मोबाइलचा उजेड, दुसरी तोंडाने धडा घोकत. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, तो दोघींच्या दप्तरात होता. पाचही किलोमीटर आम्ही त्यांच्या मागे चाललो. सातची गाडी आली तेव्हा त्या आधी चढल्या आणि आमच्यासाठी मागची सीट धरून ठेवली.