मोटरहोमचे जीर्ण छत : दुरुस्ती की बदल?

उत्तर अमेरिकेतील अनेक मोटरहोमच्या, म्हणजेच चाकांवरील घरांच्या, छतात पातळ प्लायवूडवर ईपीडीएम या कृत्रिम रबराचे आवरण चिकटविलेले असते. उन्हाने रबराचा पृष्ठभाग कालांतराने भुकटतो. तथापि गळतीचा उगम बहुधा झरोके व कडा यांच्या सांध्यांत आढळतो. प्रवासातील हादरे व तापमानातील चढउतार यांमुळे तेथील सीलंटला तडे जातात.

म्हणून निर्णयाचा खरा निकष वरचे रबर नसून खालचे लाकूड हा होय. ते टणक व कोरडे असल्यास जुने सीलंट काढून रबरास मानवणारे नवे भरणे पुरेसे ठरते. छत दाबल्यावर खचत असेल, तर आवरण उचलून कुजलेले प्लायवूड बदलणे अनिवार्य ठरते. ओल्या लाकडावर केवळ लेप दिल्यास ओलावा आत कोंडतो व कुजणे चालूच राहते. स्वस्त वाटणारा हा उपाय अखेरीस अधिक खर्चिक ठरतो.