करुणेचा जवळचा शत्रू : पशुवैद्यक विद्यार्थ्यांच्या ताणाविषयी

पशुवैद्यक शाखेच्या विद्यार्थ्यांना जाणवणारा मानसिक ताण ‘अभ्यासाचा ताण’ एवढ्यावरच मिटविला जातो. धम्माचा अभ्यासक मात्र प्रथम विचारतो, हे दुःख कोणत्या कारणांनी उत्पन्न झाले?

पहिले कारण अभ्यासक्रमाचे. एक वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांत गाय, घोडा, शेळी, श्वान, कोंबडी अशा भिन्न देहांची रचना व औषधमात्रा शिकावी लागते. आणि रुग्ण स्वतःची व्यथा सांगू शकत नाही. दुसरे कारण, उपचार ठाऊक असूनही पशुपालकापाशी पैसा नसणे. तिसरे सर्वांत खोल : असाध्य वेदनेत दयामरण देण्याचा प्रसंग. प्राणातिपातापासून विरत राहण्याचे शील घेतलेल्या तरुणाच्या हातीच ती सुई असते.

बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्गा’त करुणेचे दोन शत्रू सांगितले आहेत. विहिंसा हा दूरचा. गृहाश्रित दोमनस्स, म्हणजे आसक्तीतून येणारा शोक, हा जवळचा. जवळचा अशासाठी की तो करुणेसारखाच दिसतो. दगावलेल्या वासरासाठी रात्र-रात्र जागणारा विद्यार्थी स्वतःला करुणावान समजतो, पण शोकात बुडालेला असतो. पुढे तो असह्य झाला की मन कठोर करतो व त्यालाच उपेक्खा मानतो. वस्तुतः ती अज्ञानजन्य बेफिकिरी होय. बुद्धघोष तिला उपेक्खेचा जवळचा शत्रू म्हणतात. खरी उपेक्खा जाणते, कर्तव्य करते आणि मग समतोल राखते.

संयुत्तनिकायातील सल्लसुत्तात दोन बाणांचा दृष्टांत आहे : पहिला शारीरिक वेदनेचा, दुसरा त्या वेदनेवर मनाने केलेल्या शोकाचा. दुसरा बाण सतिच्या अभ्यासाने टाळता येतो. परंतु एवढेच सांगून थांबणे आम्हांस अपुरे वाटते. खेड्यातून आलेल्या, घरातील पहिल्याच शिकलेल्या मुलास इंग्रजी ग्रंथांचा अडसर आणि जातीवरून होणारी कुजबुज यांनी जे बाण लागतात, ते मनाचे नव्हेत, माणसांनी मारलेले आहेत. माणसाने माणसाशी कसे वागावे, हा बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या धम्मविचाराचा गाभा आहे. म्हणून असे बाण थांबविणे हे संस्थेचे आणि समाजाचे कर्तव्य ठरते. ते सोडून विद्यार्थ्याला केवळ ध्यानाचा उपदेश करणे म्हणजे जखमीलाच दोष देणे होय.

आपल्या विहारांनी अशा विद्यार्थ्यांना बोलावे, त्यांचे ऐकून घ्यावे आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे नेण्यास संकोच करू नये. मुक्या जीवांची व्यथा जाणणाऱ्याची व्यथा मुकी राहू नये.