सेप्टिक टँकची सफाई: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सेप्टिक टँक भरला की सोसायटीची कमिटी ठेकेदाराला फोन करते, ठेकेदार दोन माणसे पाठवतो आणि त्यांतला एक टाकीत उतरतो. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ पासून अस्तित्वात असूनही हे चालते, कारण त्याविषयीचे गैरसमज घट्ट रुजले आहेत.

गैरसमज : काम ठेकेदाराला दिले की आपली जबाबदारी संपली.
वस्तुस्थिती : गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कुणालाही थेट वा दुसऱ्यामार्फत कामाला लावण्यास कलम ७ मनाई करते. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गुन्हा अजामीनपात्र आहे.

गैरसमज : तो स्वतःहून उतरायला तयार होता.
वस्तुस्थिती : कामगाराच्या होकाराने गुन्हा माफ होत नाही. सुरक्षेची साधने पुरवणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे.

गैरसमज : झाकण थोडा वेळ उघडे ठेवले, तोंडाला रुमाल बांधला की पुरे.
वस्तुस्थिती : मैला कुजून तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. थोडा असताना त्याला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. त्यामुळे वास थांबला म्हणजे धोका टळला, असे मुळीच नाही. रुमालाने वायू अडत नाही आणि काही श्वासांतच माणूस बेशुद्ध पडू शकतो. त्याला काढायला धावलेले सोबतीही असेच दगावतात. म्हणूनच नियमांनुसार सफाई यंत्राने करायची असते. यंत्र पोहोचू शकत नाही अशा मोजक्या प्रसंगीच माणसाला उतरवता येते, तेही वायूची तपासणी करून आणि संपूर्ण सुरक्षा साधनांसह.

गैरसमज : खासगी इमारतीत मृत्यू झाला, तर सरकारचा संबंध नाही.
वस्तुस्थिती : गोवंडीतील एका खासगी इमारतीची टाकी साफ करताना २०१९ मध्ये तीन कामगार गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्यांच्या पत्नींना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी गटारातील मृत्यूंसाठीची भरपाई ३० लाखांवर नेली.

टाकी उपसायची असेल तर सक्शन टँकरच मागवा. ठेकेदाराने माणूस उतरवायला काढला, तर काम तिथेच थांबवा.