हौद्यातला संसार

दिवाळीची सुटी जवळ आली की माझ्या घरी एक पाहुणा हमखास येतो. कधी तो माझा जुना विद्यार्थी असतो, कधी शेजाऱ्याचा जावई. चकलीचा तुकडा मोडता मोडता तो म्हणतो, "सर, यंदा चार घरं मिळून भंडारदऱ्याला तंबू ठोकायला चाललोय. सामानाला पिकअप ठरवली आहे. काय काय न्यावं, सांगा ना."

मी म्हणतो, "ते मग सांगतो. आधी सांग, दोर किती घेतला आहेस?"

पाहुणा हिरमुसतो. मास्तरांचे वय झाले, असेही त्याच्या मनात येत असेल. कंदील, स्टोव्ह, तंबू यांविषयी विचारायला यावे आणि मास्तरांनी दोराचे पुराण लावावे! पण वाचकहो, हे पुराण मी एका घाटात ऐकले, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली. म्हणून ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

ठाण्याच्या एका शाळेत मी ३१ वर्षे भूगोल शिकवला. फळ्यावर काढलेला सह्याद्री मुलांना एकदा तरी पायाखाली मिळावा, म्हणून दर दिवाळीत, भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी आमचे शिबिर निघे. मुक्काम रतनवाडीचा. समोर भंडारदऱ्याचा जलाशय, पाठीशी रतनगड आणि हाकेच्या अंतरावर अमृतेश्वराचे जुने देऊळ. मुले एस.टी.ने यायची आणि तीस माणसांचा चार दिवसांचा संसार पिकअपने. तंबू, लोखंडी नळ्या, सतरंज्या, वळकट्या, पातेली, परात, शेगडी, सिलिंडर, पाण्याचे पिंप, तांदळाचे पोते, कांदे, औषधांची पेटी असे सगळे त्या आठ फुटी हौद्यात बसवायचे. हौदा म्हणजे पिकअपचा मागचा उघडा भाग, आणि त्याचे मागून उघडणारे दार म्हणजे फाळका. हे शब्द मी आमच्या ड्रायव्हरकडून शिकलो. त्यांना सगळी मुले 'मामा' म्हणत, म्हणून मीही मामाच म्हणू लागलो.

गोष्ट २००६ सालची. त्या वर्षी सामान मी स्वतः भरले. त्याचा मला कोण अभिमान! जे हाताशी आले ते आधी, या न्यायाने वळकट्या तळाला गेल्या. त्यांच्यावर पेट्या, पेट्यांवर पातेली आणि सर्वांच्या वर तंबूच्या नऊ फुटी नळ्यांचा भारा, सुतळीने बांधलेला. नळ्यांची टोके फाळक्याच्या वरून हातभर बाहेर आली होती. वरून एकच नायलॉनचा दोर आडवा-उभा टाकला, चार गाठी मारल्या आणि हात झटकले.

मामा भोवती एक फेरी मारून आले. "सर, नळ्या खाली घेऊ या. आणि माझ्या सीटखाली चाळीस फूट दोर आहे. काढू का?"

"अहो मामा, आधीच उशीर झाला आहे. चला!" मी म्हणालो.

मामा गप्प बसले. वर्षातून एकदा भेटणाऱ्या मास्तरांशी वाद कशाला घालायचा!

शहापूर गेले, कसारा आला, घाट सुरू झाला. पुढे काय झाले ते आज मी रांगेने सांगू शकतो. तेव्हा मात्र सारे एका क्षणात घडले असे वाटले. दोन तास गचके खाऊन तळच्या वळकट्या दबल्या होत्या. त्या चार बोटे खाली बसल्या तसा वरचा दोर तेवढाच सैल पडला. चढावर सगळ्या सामानाचा रेटा मागे आला. एका वळणावर भारा घसरला, फाळक्यावरून पलटला, सुतळी तुटली आणि नऊ फुटी नळ्या खणखणत रस्त्यावर पसरल्या.

मागे एक मोटारसायकल होती. नवरा, बायको आणि मध्ये चार वर्षांचा मुलगा. नवऱ्याने गाडी वळवली, ती घसरली, तिघेही पडली. मागचा ट्रकवाला सावध होता म्हणून थांबला. तो थांबला नसता तर हा लेख लिहायला माझे हात धजले नसते.

मी धावत गेलो. मुलगा रडत होता, पण त्याला लागले नव्हते. नवऱ्याचा गुडघा सोलून निघाला होता. बाई रस्त्याच्या कडेला उजवा हात मांडीवर धरून बसल्या होत्या. त्यांच्या भोवती लाडू आणि करंज्या विखुरल्या होत्या आणि चेपलेला फराळाचा डबा माझ्या पायाशी येऊन पडला होता. नवऱ्याला भाऊबिजेला रजा मिळाली नव्हती, म्हणून एक दिवस उशिरा त्या घोटीजवळच्या माहेरी निघाल्या होत्या.

नवरा मला बोलला. बोलायलाच हवे होते, आणि ते मला सोसलेही. पण बाईंनी बोल लावला नाही. त्यांनी पिकअपकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि खरोखरच कळत नसल्यासारखे विचारले, "दोर नव्हता का हो तुमच्याकडं?"

दोर होता. चाळीस फूट. सीटखाली.

इगतपुरीला हात प्लास्टरमध्ये घातला गेला. औषधपाण्याचा खर्च मी दिला, जबाब झाला, दंडही झाला. त्या घरी पोचल्या आणि आम्ही रतनवाडीला, तेव्हा काळोख पडला होता. मुले उपाशी होती. शेगडी कुठे? सगळ्यांच्या खाली! ती काढायला हौदा रिकामा करावा लागला. त्या रात्री शेकोटीपाशी गाणी झाली नाहीत. मी मुलांना घडले ते सगळे सांगितले, माझी चूक धरून. शिक्षकाने चूक कबूल केली तर मुले त्याला हसतील, अशी भीती मला आयुष्यभर वाटत आली होती. कोणी हसले नाही.

परतीच्या दिवशी मामांनी मला हौद्याशी उभे केले. "सर, आज मी सांगतो, तुम्ही भरा."

तो तास माझ्या आयुष्यातल्या उत्तम तासांपैकी एक. मामांचा पहिला नियम असा की जड ते खाली आणि पुढे. पेट्या, धान्याची पोती, पाण्याचे पिंप केबिनच्या भिंतीला टेकून बसवायचे, मागच्या चाकांच्या आसाच्या पुढे. जड माल आसाच्या मागे गेला की गाडीचे तोंड हलके होते, पुढच्या चाकांची पकड कमी होते आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. डावी-उजवी बाजूही तोलायची. एका कडेला पिंप आणि दुसरीला उशा, असे केले की वळणावर गाडी कलते.

दुसरा नियम पोकळीचा. "सर, माल हलतो तो जागा मिळते म्हणून." त्यामुळे वळकट्या तळाला घालायच्या नाहीत, त्या फटींत ठासायच्या. पेटी आणि पिंप यांच्यामध्ये एक, पातेल्यांच्या उतरंडीभोवती दोन. मऊ मालावर जड माल ठेवला की तो बसणार आणि दोर सैल पडणार, हे मी घाटात पाहिलेच होते. नळ्या तळाशी, हौद्याच्या कडेला, एक टोक केबिनच्या भिंतीला भिडवून आणि भारा दोन ठिकाणी दोराने आवळून. हौद्यात मावत नाही तेवढी लांब नळी न्यायचीच नाही. आम्ही पुढच्या वर्षी त्या कापून जोडाच्या करून घेतल्या.

तिसरा नियम उलट्या क्रमाचा. मुक्कामी जे आधी लागणार ते शेवटी भरायचे. शेगडी, चहाचे सामान, बॅटरी आणि औषधांची पेटी फाळक्याशी. पाऊस आला तर तंबू आधी हवा, म्हणून तोही वर. आणि चार दिवसांनी लागणारे कांदे केबिनशी.

पाणी आणि गॅस यांना मामा 'रुसणारी पाहुणी' म्हणत. २०० लिटरचे पिंप भरले की पाण्याचेच २०० किलो होतात. ते अर्धे भरले तर त्याहून वाईट, कारण पाणी हिंदकळते आणि प्रत्येक वळणावर गाडीला धक्का देते. त्यापेक्षा २० लिटरचे कॅन बरे. गच्च भरलेले, एकमेकांना खेटून. सिलिंडर नेहमी उभा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि लोखंडासकट वजन ३० किलोच्या आसपास जाते. आडवा पाडला तर द्रवरूप गॅस तोंडाशी येतो आणि गळती झालीच तर द्रव बाहेर पडून सुमारे अडीचशे पट पसरतो. म्हणून रेग्युलेटर काढायचा, टोपी बसवायची आणि त्याला त्याच्या एकट्याचा दोर द्यायचा.

मग दोराचे शास्त्र. मामांची गाठ अशी: दोराचे एक टोक एका बाजूच्या हुकाला पक्के बांधायचे आणि दोर मालावरून पलीकडे आणायचा. पलीकडच्या हुकाच्या हातभर वर दोरातच एक न आवळणारा फास घालायचा. मोकळे टोक खालच्या हुकातून घेऊन वर त्या फासात ओवायचे आणि खाली ओढायचे. कप्पीचेच तत्त्व! गणिताने ओढ तिप्पट व्हावी. दोर दोरावर घासतो त्यात बरीचशी जाते, पण उरते तीही नुसत्या हाताच्या ओढीपेक्षा अधिक. मग चिमटीत धरून दोन अर्ध्या गाठी. पेटीच्या धारेवर दोर कापतो, म्हणून तिथे गोणपाटाची घडी.

एक गोष्ट भूगोलाच्या मास्तरालाही तेव्हाच कळली. दोर मालावरून सरळ खाली उतरला तरच तो माल दाबून धरतो. तो हौद्याच्या तळाशी ३० अंशांच्या कोनात तिरका गेला तर ओढीतली निम्मीच दाबायला उरते. म्हणून ठेंगण्या पेटीवरून दोर टाकून भागत नाही. तिच्या कड्यांतून तो दोन्ही बाजूंच्या हुकांना बांधायचा.

ताडपत्री पावसासाठी आणि वाऱ्यासाठी असते, माल धरण्यासाठी नव्हे. तसेच हुकांचे रबरी दोर. ते वळकटीला ठीक; जड पेटीला लावले तर धक्क्यासरशी ताणतात, आणि हुक सुटला तर डोळ्यावर येतो. आता खटक्याचे रुंद पट्टे बाजारात मिळतात, ते उत्तम. मात्र ते किती वजन पेलतात हे पट्ट्यावरच्या चिठ्ठीवर वाचूनच घ्यावे.

माझा एक विद्यार्थी अमेरिकेत मालमोटारींच्या धंद्यात आहे. तिकडे पिकअपचा हौदा भरून रानात मुक्कामाला जाणे हा घरोघरचा छंद. त्याला मी मामांचे नियम कळवले. तो म्हणाला, "सर, मामांचं बरोबर आहे. इथल्या सरकारी नियमात तेच आकड्यांत लिहिलं आहे." मालमोटारीतला माल असा बांधायचा की ब्रेक दाबल्यावर पुढे जाणारा, वजनाच्या ८० टक्के इतका रेटा बांधणीने सोसावा, मागे आणि बाजूंना ५० टक्के. म्हणजे १०० किलोच्या पेटीला पुढून ८० किलोंचा आधार हवा. केबिनची भिंत तो फुकट देते, म्हणून जड माल तिला टेकवायचा!

आपल्याकडेही कायदा कडक झाला आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून माल गाडीच्या अंगाबाहेर किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेला तर २० हजार रुपये दंड आहे. आणि सामानावर मुलांना बसवून नेण्याची हौस तर कोणी करूच नये. हौद्यातल्या मुलाला कोणता दोर धरणार?

मामांचा शेवटचा नियम मात्र सर्वांत साधा. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबायचे, उतरायचे आणि प्रत्येक दोर हाताने ओढून पाहायचा. माल बसतो, दोर ढिलावतो. घाटाच्या आधी पुन्हा, घाट चढल्यावर पुन्हा. "दोन मिनिटं लागतात, सर," मामा म्हणाले. २००६ साली मी तीच दोन मिनिटे वाचवली होती.

तो चेपलेला डबा माझ्याकडेच राहिला होता. तो मी ठाण्याच्या बाजारात ठोकून सरळ करून घेतला आणि पुढच्या दिवाळीत, शिबिराला जाताना, आमच्या घरचा फराळ भरून घोटीजवळच्या त्या घरी नेला. मनात धाकधूक होती. बाईंनी डबा घेतला, आत ठेवला आणि चहा टाकला. मग पदराला हात पुसत बाहेर आल्या त्या थेट पिकअपपाशी. मोडून सांधलेल्या उजव्या हाताने त्यांनी दोर धरला आणि दोनदा ओढून पाहिला.

आता मामा गाडी चालवत नाहीत, मी शिकवत नाही. शिबिर माझे विद्यार्थी चालवतात आणि मी मागच्या गाडीतून नुसता सोबतीला जातो. पण भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी पिकअप त्या दारात थांबतेच. बाई माहेरी आलेल्या असतात. गेल्या वर्षीही त्या बाहेर आल्या, एकेक दोर ओढत हौद्याला पुरती फेरी घातली. फाळक्याजवळचा एक दोर त्यांना ढिला वाटला. मुलांनी तो पुन्हा आवळला. त्यांनी परत ओढून पाहिला आणि मग म्हणाल्या, "हां. आता जावा."