लेकराच्या फॉर्ममधला एक रकाना

मैत्रिणींनो, आपल्या मुखेड-कंधार-देगलूरकडचं लेकरू एमबीबीएस झालं की घरादाराला आभाळ ठेंगणं होतं. पुढे रेसिडेन्सी, सरकारी दवाखान्यात नेमणूक, एखादीचं परदेशात जाणं. फॉर्मवर फॉर्म! त्यातल्या एखाद्यात विचारलेलं असतं, 'आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का?' आणि कॉलेजात असताना रास्ता रोकोत नाव आलेलं असतं, नाहीतर बांधाच्या भांडणात भावकीने अख्ख्या घराची नावं फिर्यादीत घातलेली असतात. मग घरचेच म्हणतात, "कशाला लिहायचं? कोणाला कळतंय?"

पण कळतं. नेमणुकीआधी पोलिसांची चारित्र्य पडताळणी झाली, की जुनी नोंद वर येते. मग मूळ प्रकरण राहतं बाजूला आणि लपवलं हाच मोठा दोष ठरतो.

सुप्रीम कोर्टाने २०१६ साली अवतार सिंग खटल्यात याबद्दल नीट सांगून ठेवलंय. विचारलेली माहिती खरी द्यावी. जे विचारलंच नाही, ते लपवलं असं म्हणता येणार नाही. तरुण वयात घोषणा दिल्यासारखं किरकोळ प्रकरण असेल, तर ते लपवलं तरी नोकरी देणारा माफ करू शकतो. मात्र हा त्याचा अधिकार, आपला हक्क नव्हे. खरं सांगितलं तरी तो विचार करून निर्णय घेऊ शकतो. २०११ साली संदीप कुमार खटल्यात तर कोर्टाने एका तरुणाच्या बाजूने निकाल दिला होता. भांडणाच्या केसमधून तो तडजोडीने सुटला होता. तरुणांच्या हातून चुका होतात, त्यांना आयुष्यभर गुन्हेगार ठरवू नये, असा कोर्टाचा सूर होता.

म्हणून आधी प्रश्न नीट वाचा. 'अटक', 'गुन्हा दाखल' आणि 'शिक्षा' हे तीन वेगळे शब्द आहेत. गुन्हा कबूल करून दोनशे रुपये दंड भरला आणि आपण म्हटलं, "मिटलं". कायद्याने ती शिक्षाच! उलट कोर्टात रीतसर तडजोड झाली तर ती निर्दोष सुटका धरतात. अमेरिकेच्या व्हिसाच्या फॉर्ममध्ये तर अटकेबद्दलही विचारतात, पुढे माफी मिळाली असली तरी.

अठराच्या आतलं प्रकरण असेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम २४ चा आधार आहे. त्या नोंदीमुळे मूल अपात्र ठरत नाही. फक्त सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाचा गंभीर खटला मोठ्यांसारखा चालला असेल, तर गोष्ट वेगळी.

मुदत उद्यावर आल्यावर धावपळ नको. कोर्टातून निकालाची नक्कल काढा, एफआयआरची प्रत जोडीला ठेवा आणि वकिलाला दाखवून चार ओळींत खरं काय ते लिहा. रोग्याने आजार लपवू नये असं उद्या आपलंच लेकरू सांगणार आहे. मग त्याच्या फॉर्मवर लपवाछपवी कशाला?